कर्णा, नभोवाणी आणि दिवाणखाना

पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब आहे. ज्या आंब्यावरून या जागेस हे नाव पडले तो वृक्ष आज नाही. त्याच्या आठवणीला एक स्तंभ उभा आहे आणि सभोवार राखलेले आवार आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात जे घडले ते मराठी माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. दरवर्षी त्याच तारखेला, ऐन संक्रांतीच्या सुमारास, येथे माणसे जमतात. हरियाणातील रोड समाजात स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारे पुष्कळ आहेत, ते येतात. महाराष्ट्रातून मंडळी येतात. भाषणे होतात. उत्तरेकडील बोचरी थंडी, सकाळचे धुके, मोकळे मैदान आणि अशा सभेला लागणारे कर्णे, असे त्या दिवसाचे रूप असते.

ज्या भूमीवर आज एका वक्त्याचा शब्द हजारोंच्या कानी सहज पडतो, त्याच भूमीवर अडीच शतकांपूर्वी सेनापतीचा शब्द शंभर पावलांपलीकडे जाणे कठीण होते. याचा हिशेब करता येतो. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. साधे संभाषण एक मीटरवर साठ-पासष्ट डेसिबल भरते, आणि माणूस जिवाच्या आकांताने ओरडला तर नव्वदच्या आसपास. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात, दसपट झाले की वीस. म्हणजे नव्वद डेसिबलची आरोळी शंभर मीटरवर पन्नास उरते आणि किलोमीटरभर गेल्यावर तीस, म्हणजे रात्री निजलेल्या घरातील शांततेएवढी. त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा धडधडत होत्या आणि अफगाणांच्या उंटांवरील जंबुरके सुटत होते. अशा कल्लोळात हुकूम कानाने नव्हे, डोळ्यांनी घेतले जात. निशाण कोठे आहे, सरदाराचा हत्ती कोठे आहे, हेच फौजेचे वर्तमानपत्र. विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी लांबवर दिसली आणि तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या भीतीप्रमाणे लावला. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. अन्नाची टंचाई, दिल्लीकडील तुटलेली वाट, मित्रांचा अभाव यांच्यापुढे आवाजाची गोष्ट किरकोळ ठरते. तरी पण भाऊ जिवंत आहेत हे एक वाक्य त्या क्षणी सर्व आघाडीभर ऐकवण्याचे साधन जगात कोठेच नव्हते, हेही खरे.

जे साधन होते ते नगारे, शिंगे आणि कर्णे. कर्णा म्हणजे लांब पितळी नळी, तोंडाशी चिंचोळी आणि पुढे पसरत गेलेली. त्यातून शब्द जात नसत, इशारा जाई. परंतु पुढील साऱ्या ध्वनिविद्येचे बीज या पसरत्या नळीत आहे. ओठांनी मोकळ्या हवेला धक्का देणे म्हणजे वल्ह्याऐवजी काठीने होडी वल्हवण्यासारखे आहे. काठी पाण्यात भराभर हलते, होडी मात्र जागची ढळत नाही. कर्ण्याची हळूहळू रुंदावणारी नळी काठीचे वल्हे करते. छोट्या ओठांची हालचाल आणि बाहेरची अफाट हवा यांची ती सोयरीक जुळवते. शक्ती वाढत नाही. आहे ती वाया जायची थांबते. यंत्रशास्त्रात या जुळणीला पुढे मोठे नाव मिळाले, पण रणवाद्य वाजवणाऱ्यांना ती अनुभवाने ठाऊक होती.

मराठीत हा शब्द मोठा चिवट निघाला. रणांगणावरचा कर्णा मागे पडला तेव्हा ग्रामोफोनच्या फुलासारख्या तोंडाला लोकांनी कर्णाच म्हटले. आणि ग्रामोफोन अडगळीत गेल्यावर देवळाच्या शिखराजवळच्या, सभेच्या खांबावरच्या ध्वनिक्षेपकालाही तेच नाव मिळाले. तिन्ही ठिकाणी वस्तू निराळी, काम एकच. विजेशिवाय चालणाऱ्या ग्रामोफोनमध्ये तर कर्ण्यावाचून दुसरे काहीच नव्हते. तबकडीच्या खाचेतून सुई थरथरे, ती थरथर अभ्रकाच्या चकतीला पोहोचे आणि चकतीचा क्षीण आवाज कर्णा खोलीभर पसरवी. बालगंधर्वांची नाट्यपदे महाराष्ट्रातील घराघरांत गेली ती अशी. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्या ऐकताना दहा-बारा माणसे कर्ण्यासमोर सतरंजीवर बसत, आणि आवाज कमी-जास्त करण्याची किल्लीच नसल्यामुळे पुढे बसावे की मागे, एवढेच श्रोत्याच्या हाती असे.

वीज आली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने तीन अग्रांची निर्वात नळी तयार केली. तिच्यातून पुढे अॅम्प्लिफायर, म्हणजे वर्धक, निर्माण झाला. क्षीण विद्युत्प्रवाह वाढवता येऊ लागला, पण त्याचा आवाज करणारे तोंड चांगले नव्हते. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला ग्रामोफोनचाच कर्णा जोडला आणि १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मोठ्या जमावाला भाषण व संगीत ऐकवले. १९१९ मध्ये सॅन डिएगोच्या मैदानावर अध्यक्ष विल्सन यांनी याच उपकरणाच्या साह्याने सुमारे पन्नास हजार लोकांपुढे भाषण केले. मैदानावर जमलेल्या माणसांना एका माणसाचा शब्दन् शब्द ऐकू येणे, ही मानवी इतिहासातील नवी घटना होती. त्यानंतर १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याशिवाय, केवळ कागदी शंकूच्या हालचालीने वाजणारा स्पीकर मांडला. आज घरोघर असलेल्या बहुतेक सर्व स्पीकरांचा तो पूर्वज होय.

त्या काळच्या वर्धकांची शक्ती आजच्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. चित्रपटगृहांतून वापरल्या जाणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या नळीतून जेमतेम आठ वॉट मिळत. तेवढ्यावर शेकडो प्रेक्षकांचे गृह भरायचे तर स्पीकर अत्यंत तरल हवा. म्हणून पडद्यामागे माणसाहून उंच कर्णे उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा आरंभ केला, तो याच थोड्या वॉटांच्या आणि मोठ्या कर्ण्यांच्या युगात. गरिबाच्या संसाराप्रमाणे तेथे उधळपट्टीला वावच नव्हता. वर्धक अशक्त, म्हणून तोंड समर्थ, असा तो न्याय होता.

घरात वीज-ध्वनी आला तो नभोवाणीच्या रूपाने. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीचे. त्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. घरी जे यंत्र आणले जाई त्याला रिसीव्हर, म्हणजे ग्राहकयंत्र, म्हणत, कारण आकाशातील लहरी ग्रहण करणे हे त्याचे मुख्य काम. त्या लाकडी पेटीतच वर्धक असे आणि स्पीकरही असे. आतील नळीला काही हजार ओहमांचा भार मानवे, तर स्पीकरच्या वेटोळ्याचा विरोध असे तीन-चार ओहम. एकीकडे पाच हजार, दुसरीकडे चार; या दोघांची गाठ घालण्यासाठी मध्ये एक छोटे रोहित्र बसवीत. त्याच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या सुमारे पस्तीसपट वेढे असले की दोघांचे जमे. पत्रिका जुळवण्याचे हे काम कारखान्यातच उरकलेले असे. ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे. तो केवळ पेटीचे लाकूड, कापडाची जाळी आणि किंमत पाही.

जुळणी नेमकी असली म्हणजे किती थोड्या शक्तीत भागते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साह्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांतून, शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा गावकरी एका संचाभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. एका मंडळात वीसेक माणसे असत. पुढे १९५९ मध्ये हीच योजना देशभर नेण्यात आली. वीज न पोहोचलेल्या गावांसाठी त्या काळी बॅटरीवर चालणारे नळ्यांचे संच मिळत. अशा संचाची शक्ती साधारण पाव वॉट असे. आज पाव वॉट म्हटले तर दुकानदार हसेल. पण हलक्या कागदी शंकूचा तरल स्पीकर एका वॉटाला एक मीटरवर ब्याण्णव डेसिबल देतो. पाव वॉटाला शहाऐंशी. चार मीटर मागे बसलेल्या माणसापर्यंत त्यातले चौऱ्याहत्तर पोहोचतात, आणि हे साध्या बोलण्यापेक्षा बरेच मोठे आहे. वीस माणसांना शेतीची माहिती ऐकवायला पाव वॉट पुरतो.

मग घरगृहस्थाला शेकडो वॉटांची भाषा कधीपासून ऐकावी लागली? ज्या दिवशी यंत्र आणि तोंड यांची पेटी वेगळी झाली त्या दिवसापासून. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली, ऐकणाऱ्यांची अपेक्षा वाढली, आणि शोकीन मंडळी वर्धक एका कारखान्याचा तर स्पीकर दुसऱ्याचा घेऊ लागली. त्यातच १९५४ साली एडगर विल्चर याने एक क्रांतिकारक पेटी आणली. बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंग करून त्याने लहान आकारातून खोल खर्ज काढला. त्यापूर्वी असा खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. हे वरदान फुकट नव्हते. आकार लहान आणि खर्ज खोल हवा तर तरलता घटते. तीनही गोष्टी एकदम मिळत नाहीत, हा निसर्गाचा नियमच आहे. लहान पेटीला जुन्या संचांच्या कित्येकपट शक्ती पाजावी लागली. घरातील जागा वाचली आणि वॉटांचा खर्च वाढला. आज सदनिकेच्या कपाटावर बसणारे बहुतेक स्पीकर याच तडजोडीची संतती आहेत.

त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. नळीचा वर्धक असताना मागे चार, आठ, सोळा ओहम अशा खुणा असत आणि स्पीकरची तार नेमक्या खुणेला जोडावी लागे. ट्रान्झिस्टरच्या वर्धकाला ते रोहित्र नको असते. त्यामुळे जुळणी या शब्दाचा अर्थच बदलला; अजूनही अनेकांचा घोटाळा होतो तो येथेच. आता दोन्ही बाजूंचे ओहम सारखे असण्याची गरज नाही. स्पीकरचा विरोध वर्धकाने सांगितलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये, एवढेच पथ्य आहे. आठ ओहमांची परवानगी असलेल्या यंत्राला चार ओहमांचे स्पीकर जोडून जोरात वाजवले तर प्रवाह दुप्पट ओढला जातो, यंत्र तापते, आणि सुदैवी असेल तर स्वतःहून बंद पडते. शिवाय स्पीकरवर छापलेला आकडा ही केवळ नाममात्र गोष्ट आहे. स्वर बदलला की विरोध बदलतो. आंतरराष्ट्रीय मानक त्याला छापील आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच खाली उतरू देते, म्हणजे आठचे साडेसहापर्यंत. सगळेच कारखाने हे पथ्य पाळतात असे मात्र नाही.

वॉटांच्या बाबतीत तर प्रामाणिकपणाची मोठीच कमतरता राहिली. साठोत्तरीच्या काळात अमेरिकेत आकडे इतके फुगले की १९७४ मध्ये तेथील सरकारला शक्ती कशी मोजावी याचा नियम करावा लागला. भारतात नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या पेट्यांवर ‘पीएमपीओ’ अशी चार अक्षरे आणि त्यापुढे हजारो वॉटांचा आकडा झळकत असे. त्या अक्षरांना कोणत्याही मानकाचा आधार नव्हता. हजार वॉट छापलेल्या पेटीतून सतत मिळणारी शक्ती पुष्कळदा दहा-वीस वॉटच असे. बैलाचे वजन त्याच्या शिंगांच्या लांबीवरून ठरवावे तसा तो प्रकार. आजच्या चांगल्या रिसीव्हरवरही शंभर वॉट लिहिलेले असते ते पुष्कळदा एकच वाहिनी, एकाच स्वरावर, सहा ओहमांवर चालवून मोजलेले असते. पाच किंवा सात वाहिन्या एकदम चालल्या की वीजपुरवठा तोच, वाटेकरी सात. माहितीपत्रकात दोन वाहिन्या एकत्र, आठ ओहमांवर, वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंत किती वॉट, असा आकडा कोठेतरी बारीक अक्षरांत दिलेला असतो. वाचावा तो.

वाहिन्यांची संख्या वाढण्याचा इतिहासही आवाजाच्या सोयीपेक्षा चित्रपटाच्या सोयीने घडला आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातील वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात तारेवरून तीन वाहिन्यांनी ऐकवण्यात आला. डावी, उजवी आणि मधली, अशी ती योजना. मधली कशासाठी, तर रुंद सभागृहात कडेला बसलेल्या श्रोत्यालाही मध्यभागाचा आवाज मध्यभागातूनच यावा म्हणून. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी त्याच विचाराने यंत्रणा उभारली गेली. सत्तरीच्या दशकात डॉल्बीने चित्रपटाच्या फितीवरील दोन मार्गांतच चार वाहिन्या गुंफल्या, १९८२ पासून तिचे घरगुती रूप मिळू लागले आणि १९८७ च्या सुधारित पद्धतीने घरातही मधला स्पीकर खऱ्या अर्थाने बोलू लागला. १९९२ मध्ये चित्रपटगृहात पाच स्वतंत्र वाहिन्या आणि खर्जासाठी एक वेगळी, अशी अंकीय पद्धत आली. हीच आज ‘पाच पॉइंट एक’ म्हणून ओळखली जाते. छतावरून आवाज आणणारी अॅटमॉस पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहात व २०१४ मध्ये घरी पोहोचली. या सर्व वाहिन्यांचा उलगडा करणारे, त्यांना शक्ती पुरवणारे आणि चित्राची तारही सांभाळणारे यंत्र अजून जुन्याच नावाने, रिसीव्हर म्हणून, विकले जाते. त्यातील रेडिओ क्वचितच कोणी लावते.

घरगृहस्थाने रिसीव्हर आणि स्पीकर निवडताना आरंभ कोठून करावा, याचे उत्तर या इतिहासातच आहे. दुकानात बहुधा आरंभ रिसीव्हरच्या वॉटांपासून होतो, तो उलटा आहे. आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी रिसीव्हर, हा खरा क्रम. बसण्याची जागा स्पीकरपासून तीन मीटर आहे आणि स्पीकरची तरलता अठ्ठ्याऐंशी डेसिबल आहे असे धरले तर काला अंबच्या मैदानावरचाच हिशेब दिवाणखान्यात लागू पडतो. तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल वजा होतात. चित्रपटगृहाच्या मानकाप्रमाणे एका वाहिनीची कमाल पातळी एकशे पाच डेसिबल असते. ती तीन मीटरवर हवी असेल तर साडेचारशे वॉट लागतील. पण आपल्या घरात तेवढ्या आवाजाने कोणी ऐकत नाही. त्याहून दहा डेसिबल खाली उतरले की पंचेचाळीस वॉट पुरतात, वीस खाली उतरले की साडेचार. बहुतेक कुटुंबांचे ऐकणे या शेवटच्या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असते. त्यातही भिंती थोडा आवाज परत पाठवतात, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमी. उलट स्पीकर चौऱ्याऐंशी डेसिबलचा घेतला तर प्रत्येक आकडा अडीचपट होतो, नव्वदचा घेतला तर सुमारे तीन-पंचमांश. ऐंशी वॉटांच्या ऐवजी शंभर वॉटांचा रिसीव्हर घेतल्याने एकच डेसिबल वाढतो आणि तो कानाला कळतही नाही. सहा डेसिबल अधिक तरल स्पीकर घेणे म्हणजे वर्धक चौपट करणे होय.

यासाठी खर्चाचा मोठा वाटा स्पीकरवर आणि लहान रिसीव्हरवर असावा, हे म्हणणे ठाम धरायला हरकत नाही. चांगला स्पीकर पिढीभर टिकतो. फार तर शंकूच्या कडेची पट्टी बदलावी लागते. रिसीव्हर मात्र वर्धक बिघडल्याने क्वचितच, आणि मागच्या खाचा जुन्या झाल्याने नेहमी बाद होतो. २००३ च्या सुमारास एचडीएमआय आले आणि त्यापूर्वीची उत्तम यंत्रे आवाज ठणठणीत असूनही नव्या चित्रसंचांना जोडता येईनाशी झाली.

समोरचे तीन स्पीकर एकाच घराण्याचे असावेत, हे सांगावेसे वाटते ते मधल्या स्पीकरच्या उपेक्षेमुळे. पुष्कळ लोक डावा-उजवा थाटाचा घेतात आणि मधला उरलेल्या पैशांतून. वस्तुतः चित्रपटातील बहुतेक सर्व संवाद मधल्यातूनच येतात. २०१९ मध्ये आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट आला. तो घरी पाहताना तोफा ऐकू येतात पण संवाद कळत नाहीत, असे झाले तर दोष बहुधा मधल्या स्पीकरचा, किंवा तो कपाटाच्या फळीत खोल ढकलून ठेवल्याचा असतो. त्याचे तोंड फळीच्या कडेशी, बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवून ठेवले की निम्मे काम होते. तोफांचे काम खर्जाच्या वेगळ्या पेटीकडे, म्हणजे सबवूफरकडे, सोपवावे. ऐंशी हर्ट्झच्या खालचा भाग तिच्याकडे वळवला की रिसीव्हरवरील सर्वांत जड ओझे उतरते, कारण त्या पेटीला स्वतःचा वर्धक असतो. लहान रिसीव्हरला यामुळे मोठी उसंत मिळते.

तोफ मैलोगणती लांब का ऐकू जाते आणि माणसाची आरोळी का नाही, याचे एक कारण तोफेचा प्रचंड जोर. दुसरे, हवा तीव्र स्वर लवकर शोषते आणि खर्ज सोडून देते. भिंतीही तसेच करतात. त्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडात चित्रपटातील वाक्य पोहोचत नाही, पण धडाका नेमका पोहोचतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर सबवूफरची किल्ली खाली आणणे शेजारधर्मालाही धरून आहे आणि कायद्यालाही. बहुतेक रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी एक सोय असते. ती मोठा आवाज दाबते आणि कुजबुज उचलते. तिचा वापर फारसा कोणी करत नाही.

मैदानावरच्या कर्ण्यांचे यंत्र स्वस्तात मिळते म्हणून ते घरी आणण्याचा मोह कधी कधी होतो. ती जात वेगळी आहे. दिल्लीतील अहुजासारखे कारखाने १९४० पासून जी सभेची यंत्रे बनवत आले, त्यांत तार शेकडो फूट लांब न्यायची असते. म्हणून वीजमंडळ जसे दाब चढवून वीज लांब पाठवते तसा शंभर व्होल्टांचा दाब चढवून आवाज पाठवतात आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोट्या रोहित्राने उतरवतात. बोलणे स्पष्ट जावे एवढेच त्यांचे ध्येय. खर्ज ते मुद्दाम टाकून देतात. सभेला ते शोभते, तंबोऱ्याला नाही.

परदेशी स्थायिक झालेली मंडळी सुटीत येताना कधी अमेरिकेतील रिसीव्हर घेऊन येतात. तेथील वीज एकशे वीस व्होल्टांची, इथली दोनशे तीसची. मधले उतरवणारे रोहित्र पुरेशा क्षमतेचे नसेल तर पहिल्याच दिवशी धूर निघतो. स्पीकरला ही अडचण नाही, तो कोणत्याही देशाचा चालतो. तारेबद्दल फार चिंतन नको. चांगल्या तांब्याची, अंतर वाढेल तशी जाड तार असली आणि तिचा येण्याजाण्याचा एकूण विरोध स्पीकरच्या विरोधाच्या पाच टक्क्यांत राहिला की झाले. हजारो रुपये मीटरच्या तारा हा भाविकांचा प्रांत आहे.

खोलीबद्दल मात्र चिंतन हवे, आणि तेच कोणी करत नाही. जुन्या वाड्यातील मातीच्या भिंती, उघडी तुळई, गाद्या-तक्के आवाज पुष्कळसा पिऊन घेत. आजच्या सदनिकेत गुळगुळीत फरशी, गिलावा आणि मोठी काच. टाळी वाजवली तर खण्ण असा पडसाद येतो. त्या पडसादात शब्दाची अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि माणूस आवाज वाढवत राहतो, त्याबरोबर पडसादही वाढतो. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी, काचेवर जड पडदा, मागच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, एवढ्याने जे साधते ते महाग रिसीव्हरने साधत नाही. हे झाल्यावर संचाबरोबर येणारा छोटा मायक्रोफोन बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, तिपाईवर ठेवावा. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून सळसळ किंवा शीळ काढून त्याचे अंतर आणि पातळी स्वतःच मोजतो आणि दुरुस्ती करतो. त्या पाच-सात मिनिटांत पंखा बंद असावा, स्वयंपाकघरात कुकर नसावा आणि घरात कोणी बोलू नये.